सिनेमा पाहून आल्यावर मत आणि रेटिंग कसं द्यावं: मोजपट्टीपासून आकड्यापर्यंत

"कसा आहे?" असं विचारलं की येणारी उत्तरं बहुतेक एकाच साच्यातली असतात. गोष्टीचा सारांश, दोन-चार विशेषणं आणि शेवटी साडेतीन स्टार. विचारणाऱ्याला मात्र वेगळंच काही जाणून घ्यायचं असतं. शनिवारी आईबाबांना घेऊन जाऊ का, मुलांना चालेल का, तिकिटाचे पैसे घालू की ओटीटीवर यायची वाट पाहू. इतकं लिहूनही यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याला मिळत नाही.

गडबड होते ती क्रमात. पार्किंगमधून गाडी काढतानाच आकडा ठरतो, आणि मग लिहायला बसल्यावर त्या आकड्याला शोभतील अशी कारणं शोधली जातात. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. मोजपट्टी सिनेमाच्या आधी, आकडा सगळ्यात शेवटी. मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असो, सोसायटीतलं सिनेमा मंडळ असो की लेटरबॉक्स्ड या सिनेमांच्या नोंदी ठेवायच्या साइटवरची स्वतःची डायरी, हाच क्रम चालतो.

## १. मोजपट्टी ठरवा

पाचपैकी द्यायचं की दहापैकी, हे एकदाच ठरवा आणि मग बदलू नका. लेटरबॉक्स्डवर अर्ध्या स्टारपासून पाचपर्यंत अर्ध्या-अर्ध्या स्टारने चढता येतं, म्हणजे एकूण दहा पायऱ्या. आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या साइटवर १ ते १० पूर्णांक आहेत, त्याही दहाच. त्यामुळे दुप्पट केलं की इकडचा आकडा तिकडे जातो, ३.५ म्हणजे ७. शून्य दोन्हीकडे नाही. ग्रुपमध्ये काहीजण पाचपैकी आणि काहीजण दहापैकी देत असतील, तर आकड्यासोबत "५ पैकी" लिहिलंच पाहिजे. नुसतं "४" लिहिलं तर एकाच्या लेखी तो सिनेमा चांगला असतो आणि दुसऱ्याच्या लेखी पडेल.

मग प्रत्येक पायरीचा अर्थ एका वाक्यात लिहून ठेवा. डोक्यात ठेवून चालत नाही, कारण डोक्यातला अर्थ त्या दिवशीच्या मूडप्रमाणे सरकतो. नमुन्यासाठी:

- ५: पुन्हा पाहणार, आणि कुणी पाहिला नसेल तर मुद्दाम दाखवणार.
- ४: चांगला. उणिवा आहेत, पण पाहताना त्या आड आल्या नाहीत.
- ३: काही भाग पक्के, काही कच्चे. त्या प्रकारची आवड असेल तर पाहावा.
- २: एखाद-दुसरी गोष्ट जमलीय, पण तेवढ्यासाठी अडीच तास देणं परवडत नाही.
- १: जे करायला निघाले होते त्यातलं काहीच जमलेलं नाही.

अर्धे स्टार या पायऱ्यांच्या मधले. त्यांचा वेगळा अर्थ लिहायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. प्रत्येक पायरीवर एक खुणेचा सिनेमा ठेवा, म्हणजे जो पाहिला की "तीन म्हणजे एवढं" हे तुम्हाला पक्कं कळतं असा. तो किमान दोनदा पाहिलेला असावा, कारण एकदाच पाहिलेल्या सिनेमाची आठवण प्रत्यक्षापेक्षा गोड किंवा कडू झालेली असू शकते. पाचही खुणा एकाच भाषेतल्या किंवा एकाच प्रकारातल्या नकोत. त्यात एक तरी मराठी असू द्या आणि एक तरी विनोदी. विनोदी सिनेमाला चारच्या वर देताना आपला हात आखडतो आणि गंभीर सिनेमाला तीनच्या खाली देताना लाज वाटते. वरच्या पायरीवर एखादा विनोदी सिनेमा खूण म्हणून बसवला की ही सवय आपोआप कमी होते.

पडताळा: अलीकडे पाहिलेले वीस सिनेमे या मोजपट्टीवर मांडा. निम्म्याहून जास्त ३.५ किंवा ४ वर साचले असतील तर तुम्ही प्रत्यक्षात दोनच पायऱ्या वापरताय. त्या ढिगातले दोन-दोन सिनेमे शेजारी ठेवून "यातला वरचा कुठला" असं विचारा, म्हणजे ढीग पसरतो. सरासरी मात्र ओढूनताणून मोजपट्टीच्या मध्यावर आणू नका. आपण सिनेमे निवडून पाहतो, नावडणारे आधीच टाळतो, त्यामुळे बहुतेकांचे आकडे मधल्या रेषेच्या थोडे वर राहणारच.

## २. पाहण्याआधी तीन नोंदी

पहिली नोंद: कुठली आवृत्ती पाहताय? मूळ भाषेतली, डब केलेली की सबटायटल्सची? ही माहिती मताबरोबर गेलीच पाहिजे. तेलुगू किंवा मल्याळम सिनेमा हिंदी डबिंगमध्ये पाहून "हिरोचा अभिनय कृत्रिम वाटला" असं लिहिणारे खूप आहेत. त्यांनी ऐकलेला आवाज बऱ्याचदा त्या नटाचा नसतोच. डब आवृत्ती पाहिली असेल तर नटाच्या चेहऱ्याबद्दल आणि अंगाबद्दल लिहा, संवादफेकीबद्दल लिहू नका.

दुसरी नोंद: सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र. ते सुरुवातीला पडद्यावर येतं तेव्हा आपण सीट शोधत असतो. त्यावर भाषा, वर्ग आणि लांबी असते. २०२४ च्या नियमांनुसार यूए वर्गाचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या सिनेमांचे, तीन भाग झाले आहेत, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. "मुलांना चालेल का" या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात तुमच्या मताच्या आधी इथून होते. नुसतं "यूए आहे" म्हणणं आता पुरेसं नाही, कारण ७+ आणि १६+ यांत फार फरक आहे.

तिसरी नोंद: तुमची अपेक्षा, एका ओळीत. "ट्रेलर आवडला नव्हता, मित्राच्या आग्रहाने चाललोय" किंवा "या दिग्दर्शिकेचं आधीचं काम फार आवडलं होतं". ही ओळ कुणाला पाठवायची नाही. ती नंतर सातव्या टप्प्यावर उपयोगी पडते.

सावधान: जायच्या आधी इतरांची मतं वाचू नका. वाचलेलं एखादं वाक्य डोक्यात बसतं आणि मग आपण सिनेमाऐवजी त्या वाक्याचा पुरावा शोधत बसतो. ट्रेलर, लांबी आणि प्रमाणपत्र एवढं पुरे.

## ३. पाहताना

अंधारात मोबाइल काढून टिपणं काढू नका. मागच्या तीन रांगांना त्या उजेडाचा त्रास होतो, आणि लिहिताना तुमचाही एखादा प्रसंग हुकतो. आपल्याकडे मध्यंतर मिळतं, त्याचा उपयोग करा. पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहून फक्त दोन गोष्टी लिहा: आत्तापर्यंतचा एक प्रसंग जो डोळ्यांसमोर आहे, आणि पुढे काय होईल असं वाटतंय ते. दुसरी ओळ फार कामाची असते. दुसरा भाग फसला असं आपण म्हणतो तेव्हा खरोखर फसला होता की आपल्याला वाटलं तसं घडलं नाही एवढंच, हे तिच्यावरून कळतं.

घड्याळ पाहावंसं कधी वाटलं तेही लक्षात ठेवा. "कंटाळा आला" यापेक्षा "कोर्टाच्या दुसऱ्या प्रसंगात कंटाळा आला" हे वाचणाऱ्याच्या जास्त उपयोगाचं.

घरी पाहत असाल तर दोन पथ्यं. दीडपट वेगाने पाहिलेल्या सिनेमाला रेटिंग देऊ नका, कारण त्याची लय तुम्ही बदललीत. आणि तीन दिवसांत तुकड्या-तुकड्याने पाहिला असेल तर मतात तसं लिहा.

सावधान: नायकाच्या एन्ट्रीचा किंवा गाण्याचा पडद्यावरून व्हिडिओ काढून स्टेटसला लावणं हा मत सांगायचा मार्ग नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात सिनेमाचं किंवा त्याच्या काही भागाचं असं विनापरवाना चित्रण करण्याला किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हौसेने टाकलेल्या पंधरा सेकंदांसाठी ही जोखीम घेऊ नका, आणि ग्रुपवर कुणी टाकलं तर काढायला सांगा.

शेवटी दिवे लागले तरी श्रेयनामावली संपेपर्यंत बसा. संकलन कुणाचं, छायाचित्रण कुणाचं, ध्वनी कुणाचा, हे तिथेच कळतं आणि लिहिताना लागतं.

## ४. बाहेर आल्यावर: आधी लिहा, मग बोला

थिएटरच्या पायऱ्यांवर पहिला जो बोलतो तो सगळ्यांचं मत वळवतो. त्यातून तो मोठा असेल किंवा मोठ्याने बोलणारा असेल तर बाकीचे "हो ना, मलाही तसंच वाटलं" एवढ्यावर थांबतात. म्हणून चर्चेच्या आधी प्रत्येकाने फोनमध्ये तीन ओळी लिहाव्यात. काय दिसलं, काय लागलं, काय खटकलं. एकत्र जाणाऱ्या मंडळात तर मी याचा आग्रहच धरेन: आधी चिठ्ठ्या किंवा मेसेज, त्यानंतर चहा. आणि बोलायची सुरुवात वयाने लहान असलेल्यापासून करा. काका-मामा आधी बोलले की भाचे-पुतणे गप्प बसतात.

महोत्सवात ही शिस्त आणखी गरजेची. पुण्यात पिफला किंवा गोव्यात इफ्फीला दिवसाला चार-पाच सिनेमे होतात. दोन खेळांच्या मध्ये दोन ओळी लिहिल्या नाहीत तर रात्री या सिनेमातली आजी त्या सिनेमाच्या गावात जाऊन बसते.

या टप्प्यावर आकडा लिहायचा नाही. टाळ्या-शिट्ट्यांच्या भरात पाच येतो आणि शेवट मनाविरुद्ध गेला की दोन. एक रात्र जाऊ द्या.

पडताळा: दुसऱ्या दिवशी सकाळी, टिपणं न पाहता, सिनेमातलं काय आठवतंय? कथानक सगळ्यांनाच आठवतं, ते सोडा. एखादा चेहरा, आवाज, खोलीतला उजेड, म्हणायची एक पद्धत आठवते का? जे आठवलं ते मतात गेलं पाहिजे. काहीच आठवलं नाही, तर तीही नोंद आहे.

## ५. मत लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. उदाहरणासाठी एक काल्पनिक सिनेमा घेऊ. त्यावर नेहमी येतं तसं मत:

> "अप्रतिम सिनेमा! सगळ्यांची कामं मस्त झालीत. विषय वेगळा आहे. फोटोग्राफी छान, दिग्दर्शन उत्तम. दुसरा भाग थोडा स्लो वाटला. एकदा नक्की बघा. ४ स्टार."

यातली सिनेमाची जागा रिकामी ठेवून तिथे कुठलंही नाव टाकून बघा, मत तसंच्या तसं लागू पडतं. म्हणजेच त्यात त्या सिनेमाबद्दल काहीच नाही. आता त्याच सिनेमावरचं दुसरं मत:

> "निवृत्तीला आठवडा उरलेला एसटी कंडक्टर आणि नोकरीसाठी पुण्याला निघालेली त्याची मुलगी, यांच्या घरातले सात दिवस. भांडण मोठ्याने होत नाही, डबा भरताना आणि बॅग आवरताना होतं. वडील रोज घरी आले की कातडी बॅग दाराजवळच्या खुंटीला लावतात आणि सुट्टे पैसे मुलीसमोर बसून मोजतात. हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो आणि दरवेळी दोघांच्या बसण्यातलं अंतर बदललेलं असतं. नातं कुठवर आलंय ते न बोलता कळतं. मध्यंतरानंतर मात्र लग्नाच्या बोलणीचे दोन प्रसंग एकच माहिती देतात आणि तिथे सिनेमा जागचा हलत नाही. मुलीचे फोनवरचे संवाद लिहिलेले वाटतात. घरगुती, कमी बोलणारे सिनेमे आवडत असतील तर थिएटरातच पाहा, कारण एसटी स्टँडचे आवाज फार विचाराने वापरलेत. लहान मुलं कंटाळतील. यूए ७+, मूळ मराठी, पावणेदोन तास."

लांबी दहा-बारा ओळींची, पण वाचणारा ठरवू शकतो. क्रम असा आहे:

आधी सिनेमा काय आहे ते. एक-दोन वाक्यं. कथानक सांगायचं नाही, परिस्थिती सांगायची. कोण आहेत, कुठल्या अडचणीत आहेत, बस.

मग पाहिलेली एक गोष्ट जवळून. खुंटी, बॅग, सुट्टे पैसे. हे वाक्य मताचा कणा आहे. एकच प्रसंग घ्या पण तो नीट दाखवा. पाच प्रसंगांची यादी केलीत तर एकही दिसत नाही.

मग जमलं काय आणि कुणामुळे. "दिग्दर्शन उत्तम" या शब्दांतून काही पोचत नाही. ज्याचं श्रेय त्याला द्यायला शिका. कोकण पडद्यावर सुंदर दिसलं म्हणजे छायाचित्रण चांगलं झालंच असं नाही, कोकण मुळातच सुंदर आहे. बंद खोलीतल्या दोन माणसांचे चेहरे एकाच बल्बच्या उजेडात वेगवेगळे दिसले, तर ते छायाचित्रकाराचं काम आहे. भूमिका आवडली आणि अभिनय आवडला यातही फरक आहे. सोसणाऱ्या आईच्या भूमिकेला सहानुभूती आपोआप मिळते. नटीने तिथे स्वतःचं काय आणलं ते शोधा. गाणी वेगळी आणि पार्श्वसंगीत वेगळं. गाणी एकाची आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं असं पुष्कळदा असतं, तेव्हा "अमक्याचं संगीत" लिहिण्याआधी श्रेयनामावली पाहा.

मग खटकलं काय आणि कुठे. "स्लो" हा शब्द एकटा कधीच पाठवू नका. संथ असणं हा दोष नव्हे, एकच माहिती दोनदा मिळणं हा दोष आहे. कुठल्या जागी आणि कशामुळे अडलं ते लिहिलं की वाचणारा ठरवतो, मला ते चालेल की नाही. नटाला नावं ठेवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे वाक्य दुसऱ्या चांगल्या नटाने म्हटलं असतं तर पटलं असतं का? नसेल, तर तक्रार संवादलेखकाकडे जायला हवी.

शेवटी कुणासाठी आहे, कुणासाठी नाही. "एकदा बघायला हरकत नाही" हे कुणासाठीच नसलेलं वाक्य आहे. कुणाला आवडेल, कुणाला जड जाईल, थिएटरात की घरी, मुलं, वयस्कर माणसं, रक्तपात, आत्महत्येसारखा विषय, जे लागू असेल ते स्पष्ट लिहा. नुकतंच घरात दुःख झालेल्या माणसाला आधी कळलेलं बरं अशा गोष्टी असतात, तिथे गोष्ट फुटेल म्हणून गप्प राहू नका. "एका मृत्यूचा प्रसंग फार जवळून दाखवलाय" एवढं, नाव न घेता, सांगता येतं.

सावधान: माणसाच्या दिसण्यावर, जातीवर, वजनावर किंवा खासगी आयुष्यावर लिहिलेलं वाक्य म्हणजे सिनेमावरचं मत नव्हे. काढून टाका.

## ६. गोष्ट फोडू नका

नियम सोपा ठेवा. ट्रेलरमध्ये आहे ते सांगता येतं. पहिल्या अर्ध्या तासात घडतं ते, गरज असेल तर, सांगता येतं. मध्यंतरापासून पुढे गोष्ट कुठे वळते ते नाही, सिनेमा कुठल्या जागी अडला एवढंच.

अजाणता होणारी फोड जास्त. "शेवटी जबरदस्त धक्का आहे" हे वाचलेला माणूस सिनेमाभर धक्का शोधत बसतो आणि पहिल्याच खुणेला ओळखतो. "अमक्याची पाच मिनिटांची भूमिका कमाल" म्हणालात तर पाहुणा कलाकार फुटला. "रडायची तयारी ठेवा" यातही शेवट बऱ्यापैकी येतो. वरच्या उदाहरणात खुंटीचा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो एवढंच सांगितलंय. निवृत्तीच्या दिवशी त्या खुंटीचं काय होतं ते सांगितलेलं नाही, आणि तिथे थांबणंच बरोबर आहे.

शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर वेगळा मेसेज करा. पहिल्या ओळीत सिनेमाचं नाव आणि "पाहिला नसेल तर वाचू नका", मग मधे काही रिकाम्या ओळी आणि मग मजकूर. एकाच मेसेजच्या तळाशी इशारा देऊन उपयोग नाही, तोवर डोळे पुढे गेलेले असतात. आयएमडीबी आणि लेटरबॉक्स्डवर यासाठी खूण करायची सोय आहे, ती वापरा.

पडताळा: पाठवण्याआधी मत सिनेमा न पाहिलेल्या घरातल्या कुणाला वाचून दाखवा. "म्हणजे तो मरतो का?" असा प्रश्न आला तर ती ओळ दुरुस्त करा.

## ७. आता आकडा

मत लिहून झालं, रात्र गेली. आता खुणेचे सिनेमे काढा आणि एकेकाशी तुलना करा. हा माझ्या ३ च्या खुणेपेक्षा वर आहे का? हो. ४ च्या खुणेपेक्षा? नाही. मग ३.५. वरच्या काल्पनिक सिनेमाला ४ मिळता मिळता राहिले ते लग्नाच्या बोलणीमुळे, कारण ४ चा आपणच लिहिलेला अर्थ आहे "उणिवा आड आल्या नाहीत", आणि इथे त्या आल्या. आकडा असा मतातून निघाला पाहिजे. मत वाचून आकडा विचित्र वाटत असेल तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. बहुतेक वेळा आकडा.

आता दुसऱ्या टप्प्यातली अपेक्षेची ओळ काढा. अपेक्षा फार होती म्हणून अर्धा स्टार कापला गेलाय का? काहीच अपेक्षा नव्हती म्हणून खैरात झालीय का? असं असेल तर दुरुस्त करा.

आकड्यात काय येऊ नये? एसी बंद होता, समोसा महाग होता, शेजारचा फोनवर बोलत होता, आवाज फुटत होता. ही तक्रार थिएटरची आहे, ती तिथे करा. चार कोटींची कमाई आणि चारशे कोटींची कमाई यानेही सिनेमा बदलत नाही. सिनेमाचा विचारच पटला नाही, बायकांकडे किंवा एखाद्या समाजाकडे पाहायची त्याची नजर खुपली, तर मात्र ते आकड्यात येऊ शकतं. ती पडद्यावरची गोष्ट आहे. फक्त मतात तसं सांगा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की कापलेले गुण कारागिरीचे नाहीत.

आवड आणि दर्जा यांची ओढाताण होते तेव्हा दोन वेगळ्या खुणा करा. लेटरबॉक्स्डवर स्टारपासून वेगळं हृदय देता येतं. ते नेमकं यासाठीच कामी येतं. ३ स्टार आणि हृदय म्हणजे "कच्चा आहे, पण मला फार आवडला". वहीतही असं करता येतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. "मराठी आहे म्हणून एक स्टार जास्त" हे थांबवा. त्यामागची माया मला कळते, पण त्या जादा स्टारवर विश्वास ठेवून गेलेला प्रेक्षक निराश होऊन परतला की पुढच्या चांगल्या मराठी सिनेमाला तो येत नाही. मदत करायची तर पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा, कारण गर्दी दिसली नाही तर दुसऱ्या आठवड्यात खेळ कमी होतात आणि उरतात ते आडवेळेचे. मताबरोबर जवळच्या थिएटरातल्या वेळा टाका, दोघांना बरोबर न्या. आकडा मात्र खरा ठेवा.

सावधान: अर्धवट सोडलेल्या सिनेमाला आकडा द्यायचा नाही. "पन्नास मिनिटांनी सोडला, अमुक कारणाने" हे पूर्ण आणि प्रामाणिक मत आहे.

## ८. इतरांच्या आकड्यांशी तुलना करताना

रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या साइटवरचे ८० टक्के म्हणजे दहापैकी आठ नव्हेत. तिथे किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे तेवढंच मोजतात. दहाच्या दहा समीक्षकांनी "बरा आहे, सहा गुण" म्हटलं आणि ते अनुकूल धरलं गेलं तर १०० टक्के होतात. पाच जणांनी नऊ आणि पाच जणांनी चार दिले तर ५० टक्के. यातला दुसरा सिनेमा कदाचित जास्त पाहण्यासारखा असेल. ६० टक्के झाले की सिनेमा तिथे "फ्रेश", म्हणजे अनुकूल, ठरतो. मेटाक्रिटिक या तशाच साइटवर समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी, म्हणजे काहींच्या गुणांना जास्त वजन देऊन काढलेली, १०० पैकी असते. आयएमडीबीवरही साधी सरासरी नसते, मतांना वेगवेगळं वजन दिलं जातं. त्यामुळे या तिन्हींचे आकडे एका ओळीत ठेवून सरासरी काढणं निरर्थक आहे.

तुमच्या मंडळाचा आकडा काढताना सरासरीऐवजी मधला आकडा घ्या. पाच जणांनी दहापैकी ९, ८, ८, ७ आणि २ दिले तर सरासरी ६.८ येते, आणि पाचपैकी चौघांचे आकडे त्याच्या वर आहेत, एकट्या २ ने ती खाली ओढलीय. क्रमाने लावून मधला घेतला तर ८. सोबत "सर्वांत कमी २, सर्वांत जास्त ९" हे लिहा, आणि दोन देणाऱ्याला कारण सांगायला पहिली संधी द्या. चर्चा तिथूनच चांगली रंगते.

## ९. पाठवणं, वाद आणि नोंदवही

पाठवताना सिनेमाच्या नावापुढे वर्ष आणि दिग्दर्शकाचं नाव लिहा. एकाच नावाचे दोन-तीन सिनेमे सहज सापडतात आणि लोक भलताच लावून बसतात. कुटुंबाच्या ग्रुपवर लहान, मित्रांच्या ग्रुपवर सविस्तर, पण आकडा दोन्हीकडे एकच. मावशीला आवडला म्हणून तिच्यापुढे साडेचार आणि मित्रांपुढे अडीच असं करू नका.

कुणाचं मत उलटं असेल तर आकड्यावर भांडू नका, प्रसंगावर बोला. "तुम्हाला खुंटीचा प्रसंग कसा वाटला?" असं विचारलं की समोरचा माणूसही नेमकं बोलायला लागतो. त्याने दाखवलेली गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल तर मतात भर घाला. दबावाने आकडा हलवू नका.

नोंदवहीत एका ओळीत एवढं पुरे: पाहिल्याची तारीख, नाव, वर्ष, दिग्दर्शक, भाषा आणि आवृत्ती, कुठे पाहिला, आकडा, जवळून पाहिलेली एक गोष्ट. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर आकडाही लिहू नका.

पुन्हा पाहिल्यावर मत बदललं तर जुनी ओळ खोडू नका. नवी तारीख घालून खाली दुसरी ओळ लिहा. खुणेच्या सिनेमांपैकी एखाद्याचाच आकडा बदलला तर आधी त्या पायरीवर नवीन खूण शोधा आणि मगच पुढचे आकडे द्या. जुन्या खुणेवरून दिलेले आधीचे आकडे सगळे दुरुस्त करत बसायची गरज नाही, वहीत "इथून खूण बदलली" अशी तारखेसह एक रेघ मारली की काम होतं.